बुरशी लागलेले धान्य खाऊ नका, कुत्र्यालाही घालू नका

आपल्या घरात खाणारी तोंडे मोजताना आपण माणसे मोजतो. परंतु राखणीचा कुत्रा, उंदरांसाठी पाळलेले मांजर, परसातल्या चार कोंबड्या, दुभती गाय किंवा म्हैस ही सर्व त्याच धान्यावर जगत असतात. आपल्या भाकरीचा शेवटचा तुकडा कुत्र्याला जातो, चाळणीतले गाळण कोंबड्यांना जाते आणि शेंगदाण्याची पेंड गोठ्यात जाते. त्यामुळे आपण घरासाठी कोणते धान्य निवडतो, यावर माणसांबरोबर या सर्वांचे आरोग्य अवलंबून असते.

बहुतेक घरांत धान्य निवडताना एक सवय दिसते. सुपात काळे पडलेले, बुरसट दाणे दिसले की ते बाजूला काढले जातात. इथपर्यंत योग्यच आहे. पण बाजूला काढलेले दाणे टाकून देणे जिवावर येते. अन्न वाया घालवू नये ही आपली शिकवण आहे. मग तेच दाणे भरडून कुत्र्याला, कोंबड्यांना किंवा म्हशीला घातले जातात. ज्या घरात धान्याची तंगी असते तेथे ते बाजूलाही काढले जात नाहीत, सरसकट दळले जातात. या दोन्ही सवयी घातक आहेत. त्या का घातक आहेत आणि त्यांऐवजी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

१९७४ सालची घटना

राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या आदिवासी भागांत १९७४ च्या अखेरीस एका विचित्र आजाराची साथ आली. रुग्णांना कावीळ होई, थोड्याच दिवसांत पोटात पाणी साचून पोट फुगे आणि बरेच रुग्ण दगावत. दोनशेहून अधिक गावांत ही साथ पसरली. जवळजवळ ४०० रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी १०६ मरण पावले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास केला. या भागातील लोकांचे मुख्य अन्न मका होते. त्या वर्षी काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता. कणसे ओलीच राहिली आणि ती तशीच घरात साठवली गेली. साठवलेल्या मक्यावर बुरशी वाढली होती. ज्या घरांत तोच मका रोज खाल्ला गेला, त्याच घरांत आजार झाला.

या साथीतील एक गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी. माणसे आजारी पडू लागण्यापूर्वीच त्या गावांतील कुत्र्यांमध्ये हीच लक्षणे दिसू लागली होती. माणसांच्या घरचेच अन्न खाणारी कुत्री कावीळ होऊन, पोट फुगून मरत होती. कुत्र्यांच्या रूपाने गावाला इशारा मिळाला होता, पण तो इशारा आहे हे कोणाला कळण्यासारखे नव्हते. आज आपल्याला ते माहीत आहे.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नये. २००४ साली केनिया देशाच्या पूर्व भागात अशाच बुरशीच्या मक्याने ३१७ लोक आजारी पडले व १२५ दगावले. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस कुत्र्यांच्या तयार खाद्यात हेच विष सापडले आणि शंभराहून अधिक कुत्री मेली. त्या खाद्यातही मका होता.

हे विष कोणते?

धान्यावर निरनिराळ्या बुरशी वाढतात. त्यांपैकी ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ व ‘अॅस्परजिलस पॅरासिटिकस’ या दोन बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. त्यांची वाढ हिरवट-पिवळसर पुडीसारखी दिसते. भुईमूग, मका, सरकी, खोबरे आणि वाळलेली मिरची यांवर त्या अधिक आढळतात.

या विषाचा शोध जनावरांच्या खाद्यातूनच लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. ब्राझीलहून आणलेली भुईमुगाची पेंड त्यांच्या खाद्यात होती. त्या पेंडीची तपासणी करताना हे विष सापडले आणि बुरशीच्या नावावरूनच त्याला अफलाटॉक्सिन हे नाव दिले गेले. त्याचे बी-१, बी-२, जी-१ व जी-२ असे मुख्य प्रकार आहेत. त्यांतील बी-१ सर्वांत जहाल आहे.

बुरशीला वाढण्यास ओलावा व ऊब लागते. साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. परतीच्या पावसाच्या सुमारास आपल्याकडे नेमके असेच हवामान असते आणि खरिपाचा भुईमूग व मका याच वेळी घरात येतो. म्हणूनच हा प्रश्न आपला आहे.

शरीरात गेल्यावर काय होते?

पोटात गेलेले विष रक्तावाटे यकृतात, म्हणजे काळजात, पोहोचते. तेथे त्याचे रूपांतर आणखी घातक पदार्थात होते व यकृताच्या पेशी मरू लागतात. यकृत बिघडले की पित्ताचा रंग रक्तात साठून डोळे पिवळे होतात. रक्त गोठण्यास लागणारे घटक यकृतात तयार होतात, तेही कमी पडतात. त्यामुळे हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाते. पुढे पोटात पाणी साचते. हे सर्व माणसात होते तसेच कुत्र्यातही होते.

हा झाला मोठ्या मात्रेचा परिणाम. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात जात राहिल्यास लगेच काही दिसत नाही, परंतु यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफलाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले आहे. ज्यांना हिपॅटायटिस-बी प्रकारची कावीळ झालेली असून तिचा विषाणू शरीरात टिकून आहे, त्यांना हा धोका अनेक पटींनी अधिक असतो.

कुत्र्या-मांजरांना धोका अधिक का?

सर्व प्राण्यांना हे विष सारखेच बाधत नाही. एका वेळी दिल्यास निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा प्रयोगांतून काढलेली आहे. ती पुढील तक्त्यात दिली आहे. आकडा जितका लहान, तितका तो प्राणी नाजूक समजावा.

तक्ता : अफलाटॉक्सिन बी-१ ची घातक मात्रा (दर किलो वजनास मिलिग्रॅम, सुमारे)
ससा – ०.३
बदकाचे पिल्लू – ०.३४
मांजर – ०.५५
कुत्रा – ०.५ ते १.०
डुक्कर – ०.६२
उंदीर (प्रयोगशाळेतील नर) – ५.५
कोंबडी – ६.५ ते १६.५

या तक्त्यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे कुत्रा व मांजर या विषाला फार लवकर बळी पडतात. दुसरी म्हणजे कोंबडी त्या मानाने चिवट आहे. ‘आधी कोंबड्यांना घालून पाहिले, त्यांना काही झाले नाही’ असे म्हणून धान्य चांगले ठरवणारे पुष्कळ असतात. ही परीक्षा उपयोगाची नाही. कोंबडीला जी मात्रा सहज सोसते, ती कुत्र्याला मारू शकते. शिवाय कोंबडी मेली नाही तरी तिची वाढ खुंटते व अंडी कमी होतात, तो तोटा वेगळाच.

थोडा हिशेब करून पाहू. १९७४ च्या साथीतील काही मक्यात दर किलोस सुमारे १५ मिलिग्रॅमपर्यंत विष आढळले होते. अशा मक्याच्या अर्ध्या किलोत साडेसात मिलिग्रॅम विष येते. गावातल्या मध्यम कुत्र्याचे वजन १५ किलो धरले, तर दर किलो वजनास अर्धा मिलिग्रॅम म्हणजे साडेसात मिलिग्रॅम हीच त्याची घातक मात्रा होते. म्हणजे दिवसाकाठी मिळणाऱ्या भाकऱ्यांतच त्याचे मरण होते.

याशिवाय आणखी एक कारण आहे. माणूस भाकरीबरोबर आमटी, भाजी, ताक असे काही ना काही खातो. कुत्र्याला मात्र बहुधा रोज एकच पदार्थ मिळतो. त्या एका पदार्थात विष असेल तर त्याच्या पोटात दुसरे काही जातच नाही. निवडून बाजूला काढलेले खराब दाणे त्याला घातले, तर सगळ्या पोत्यातले विष आपण त्याच्या एकट्याच्या थाळीत गोळा करून ठेवतो.

काही चुकीच्या समजुती

१) ‘भाजले, शिजवले की विष मरते.’ बुरशी मरते, विष मरत नाही. हे विष जवळजवळ अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. भाकरी, भात, कण्या शिजताना आतील तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते. दाणे भाजल्याने विष काही प्रमाणात कमी होते, पण पूर्ण जात नाही.

२) ‘धुऊन, पुसून, ऊन दिले की चालते.’ वरची पूड निघून जाते. दाण्याच्या आत मुरलेले विष तसेच राहते. ऊन हे धान्य सुरुवातीला वाळवण्यासाठी आहे, खराब झालेले धान्य सुधारण्यासाठी नाही.

३) ‘बुरशी दिसत नाही, म्हणजे धान्य चांगले.’ बुरशी वाढून सुकून गेली तरी विष मागे राहते. म्हणून सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटके, किडलेले व कडवट दाणेही संशयित समजावेत. भुईमुगाचा दाणा तोंडात कडू लागला तर गिळू नये, थुंकून टाकावा.

४) ‘चांगल्या धान्यात मिसळून दळले की काही होत नाही.’ विष थोड्याच दाण्यांत, पण खूप प्रमाणात असते. ते दाणे ओळखता येतात तोपर्यंत वेगळे काढता येतात. एकदा पीठ झाले की काहीच वेगळे काढता येत नाही.

५) ‘जनावराला सगळे पचते.’ वरील तक्ता पाहिल्यावर या समजुतीबद्दल अधिक काही सांगण्याची गरज नाही.

गोठ्यात घातलेले घरात परत येते

भुईमुगाचे तेल काढल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो. अशी पेंड किंवा बुरसट मक्याचा भरडा गाई-म्हशीला घातला, तर तिच्या यकृतात बी-१ चे रूपांतर एम-१ या प्रकारात होते आणि ते दुधात उतरते. खाद्यातील विषाचा साधारण १ ते ३ टक्के भाग दुधात येतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईंत तो याहून अधिक असू शकतो. खाद्य खाल्ल्यापासून दिवसभरातच तो दुधात दिसू लागतो. दूध उकळून किंवा विरजून तो जात नाही.

हे दूध घरातली लहान मुले पितात, मांजर पिते आणि उरलेले डेअरीला जाते. भारतात दुधातील एम-१ ची कमाल मर्यादा एका किलोस ०.५ मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे, तर तृणधान्ये व कडधान्ये यांत एकूण अफलाटॉक्सिनची मर्यादा एका किलोस १५ मायक्रोग्रॅम आहे. एक हजार किलो धान्यात १५ मिलिग्रॅम, असा याचा अर्थ होतो. १९७४ च्या त्या मक्यात एकाच किलोत तेवढे विष होते, हे लक्षात घेतले म्हणजे मर्यादेचे महत्त्व कळेल.

समाधानाची बाब अशी की खराब खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दुधातील विष जवळजवळ नाहीसे होते. म्हणून पेंडीला कुबट वास आला किंवा आत जाळी दिसली की ती त्याच दिवशी बंद करावी.

ज्वारी व बाजरीबाबत

खरीप ज्वारी पावसात सापडून काळी पडणे आपल्या शेतकऱ्यांना नवीन नाही. या काळ्या ज्वारीवर निरनिराळ्या बुरशी असतात. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक व आंध्र प्रदेशातील काही गावांत, पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी व हगवण लागली. तेथे फ्युमोनिसिन हे वेगळे बुरशीविष आढळले. आजारी घरांतील धान्य कोंबडीच्या पिल्लांना घातल्यावर त्यांनाही हगवण लागली. काळी ज्वारी म्हणूनच खाण्यासाठी ठेवू नये. शक्य तेथे पाऊस उघडल्यावर पक्व होतील असे वाण निवडावेत व पक्व होताच कणसे लगेच कापावीत.

बाजरीवर अरगट रोग येतो. अरगटच्या काळपट गाठी धान्यात मिसळून पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व चक्कर येते. अशी बाजरी २० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ या प्रमाणात, बुडवावी. वर तरंगणाऱ्या गाठी काढून नष्ट कराव्यात. तळाशी बसलेली बाजरी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन चांगली वाळवावी. मात्र ही पद्धत अरगटपुरतीच आहे. अफलाटॉक्सिन मिठाच्या पाण्याने जात नाही.

शेतापासून कोठीपर्यंत घ्यावयाची काळजी

एकदा तयार झालेले विष घरी काढून टाकता येत नाही. म्हणून ते तयारच होऊ न देणे हाच उपाय आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

भुईमूग :
१) शेंगा भरताना पिकाला पाण्याचा ताण पडल्यास बुरशी शेतातच शिरते. पाणी उपलब्ध असल्यास या काळात एखादी संरक्षक पाळी द्यावी.
२) आंतरमशागत करताना व काढणी करताना कुदळ-कोळप्याने शेंगा फुटणार नाहीत हे पाहावे. फुटलेल्या, वाळवीने पोखरलेल्या शेंगा सुरुवातीलाच वेगळ्या काढाव्यात.
३) पीक पक्व होताच काढणी करावी. उशीर करू नये.
४) काढलेले वेल शेंगा वर राहतील अशा रीतीने उलटे पसरून वाळवावेत. ओल्या वेलांचा ढीग घालू नये.
५) सरवा वेचलेल्या शेंगा मुख्य मालात मिसळू नयेत. जमिनीत मागे राहिलेल्या या शेंगांना बुरशीची बाधा अधिक असते.
६) शेंगा ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवाव्यात. शेंग कानाजवळ हलवली असता आतील दाणे खुळखुळ वाजले आणि दाणा बोटांनी चोळल्यावर वरची साल सहज सुटली, म्हणजे शेंग वाळली असे समजावे.
७) फोडायला सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करावी. त्या पाण्याने वाळवणीचे सगळे कष्ट वाया जातात.

मका :
१) कणसे पक्व झाल्यावर उघाड पाहून काढावीत. काढलेली कणसे मातीवर न टाकता ताडपत्रीवर किंवा खळ्यावर पातळ पसरावीत.
२) बुरशी दिसणारी, अळीने खाल्लेली कणसे सोलण्यापूर्वीच वेगळी करावीत. एक खराब कणीस सोलून मिसळले की ते पुन्हा वेगळे करणे अवघड जाते.
३) दाणे १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावेत. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे.
४) घरच्या घरी ओलावा पाहण्याची एक साधी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश गार झालेले धान्य भरावे, त्यात दोन-तीन चमचे पूर्ण कोरडे मीठ घालावे आणि झाकण लावून थोडा वेळ चांगली हलवावी. दहा-पंधरा मिनिटांनी मीठ बाटलीच्या आतून चिकटलेले दिसले, तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. ते साठवू नये. मीठ चिकटले नाही तरी आणखी एक-दोन उन्हे द्यावीत.

साठवण :
१) धान्य गार झाल्यावरच भरावे. उन्हातले गरम धान्य तसेच कोठीत भरल्यास आत घाम धरतो.
२) पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या घालाव्यात व भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे.
३) कोठी, कणगी किंवा पत्र्याची टाकी आतून स्वच्छ व कोरडी करून घ्यावी. मागील वर्षाचे उरलेले धान्य नव्यात मिसळू नये.
४) कडुलिंबाचा पाला घातल्यास तो पूर्ण वाळलेला असावा. तो किडींना काहीसा आळा घालतो. ओले धान्य त्याने टिकत नाही.
५) पावसाळ्यात दर पंधरवड्याला पोत्यात हात घालून पाहावे. धान्य गरम लागले, गोळे झालेले आढळले किंवा कुबट वास आला तर ताबडतोब बाहेर काढावे.

वेगळे काढलेल्या खराब धान्याचे काय करावे?

घरच्या धान्यातले दोन-चार किलो फेकून देणे कोणालाही सोपे नाही, विशेषतः पावसाने वर्षच हातचे गेले असेल तेव्हा. परंतु बुरशी लागलेल्या दाण्यांना अन्न समजणे आता सोडले पाहिजे. ते विष आहे. ते माणसांनी खाऊ नये, कुत्र्या-मांजरांना, कोंबड्यांना, डुकरांना व दुभत्या जनावरांना घालू नये. ते चांगल्यात मिसळून विकूही नये, कारण ते दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या ताटात जाणार असते. असे धान्य घरापासून दूर खोल खड्डा करून पुरावे किंवा जाळावे. हाताळताना नाकातोंडावर फडके बांधावे व नंतर हात स्वच्छ धुवावेत.

चांगली वाळवणी केली तर असे धान्य मूठभरच निघते. वाळवणीत कुचराई केली तर पोतेच्या पोते निघते. नुकसान टाळायचे ते तेथेच.

रोजच्या आहारातील निवड

१९७४ च्या साथीत फक्त मक्यावर जगणारी गरीब घरे बळी पडली. एकाच धान्यावर सर्व भार टाकू नये, हा त्यातील दुसरा धडा आहे. घरात ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांचा आलटून पालटून वापर करावा व सोबत डाळी, पालेभाज्या, ताक, शक्य तेव्हा अंडी असावीत. एखादे धान्य थोडेफार दूषित निघाले, तरी त्याचा मारा रोज व सर्व ताटावर होत नाही.

हेच कुत्र्या-मांजरांनाही लागू आहे. त्यांच्यासाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) कुत्र्याला आपल्यासाठी निवडलेल्या पिठाचीच भाकरी किंवा भात द्यावा. सोबत शिजवलेले अंडे, हाडे काढलेले मांस किंवा घट्ट वरण द्यावे. नुसत्या भाकरीवर त्याचे पोषण होत नाही.
२) मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो न मिळाल्यास डोळे व हृदय बिघडते. नुसत्या दूध-भातावर मांजर ठेवू नये.
३) कांदा-लसणाची आमटी-भाजी कुत्र्या-मांजरांना घालू नये. कांद्यामुळे त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व पंडुरोग होतो. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही त्यांना विषारी आहे.
४) बकऱ्याचे, मेंढीचे कच्चे काळीज व फुफ्फुस कुत्र्याला टाकू नये. त्यातील गाठींमधून कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून आपल्या हातावर, पालेभाजीवर येतात आणि माणसाच्या यकृतात, फुफ्फुसांत पाण्याच्या गाठी होतात.
५) विकत आणलेले तयार खाद्य त्याच्याच पिशवीत, तोंड घट्ट बंद करून, कोरड्या जागी ठेवावे. मुदत संपलेले, ओलसर झालेले किंवा वास बदललेले खाद्य घालू नये.

लक्षणे दिसल्यास

कुत्रा अन्न सोडतो, मलूल होतो, वारंवार उलट्या करतो, त्याच्या हिरड्या व डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो, लघवी गडद होते, शौचावाटे रक्त जाते किंवा पोट फुगते, अशी लक्षणे दिसताच त्याचे खाद्य तत्काळ बदलावे व पशुवैद्यकास दाखवावे. या विषावर नेमका उतारा नाही. तथापि खाद्य लवकर बंद करून उपचार सुरू केल्यास जनावर वाचू शकते.

कावीळ इतर कारणांनीही होते. प्रत्येक पिवळा कुत्रा धान्यानेच आजारी पडला असे नाही. परंतु घरातले किंवा शेजारचे एकाहून अधिक कुत्रे एकाच सुमारास असे आजारी पडले, तर आपल्या पिठाचा डबा आणि धान्याची कोठी तपासावी. संशयित धान्य खाणे थांबवावे व त्याचा थोडा नमुना कागदी पिशवीत वेगळा राखून ठेवावा. घरातील कोणाला अन्नावरची वासना जाणे, उलट्या, पोटदुखी, कावीळ असा त्रास असेल तर वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे आणि कोणते धान्य खाण्यात होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, धान्य पिकवण्यासाठी आपण वर्षभर राबतो. शेवटचे आठ दिवस वाळवणीला आणि रोजची दहा मिनिटे निवडण्याला दिली, तर त्या कष्टांचे चीज होते. कुत्र्याच्या थाळीत टाकण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा, ‘हे मी माझ्या मुलाला वाढले असते का?’ उत्तर नाही असे आले, तर ते कुत्र्यालाही घालू नये.